उष्टावणाची वाटी

१

बुधवारी आणि रविवारी सकाळी आठ वाजता मी कुठे असतो, हे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा पाठ आहे. विश्रांतवाडीहून बस पकडायची, जुन्या बाजाराशी उतरायचं आणि ऊन तापायच्या आत एक चक्कर पूर्ण करायची. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हा नेम मोडलेला नाही. खडकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, त्यामुळे गंजाखाली काय दडलंय ते माझ्या हाताला कळतं. घरात माझ्या या खरेदीला ‘कचरा’ म्हणतात. पाहुणे आले की तोच कचरा शोकेसमधून काढून कौतुकाने दाखवतात, तो भाग वेगळा.

त्या रविवारी माझ्या डोक्यात एकच काम होतं. तेजसच्या मुलीचं, म्हणजे माझ्या नातीचं, संस्कृतीचं उष्टावण आठ दिवसांवर आलं होतं. बाळाला पहिला घास चांदीच्या वाटीतून भरवायचा आणि ती वाटी आजोबांनी आणायची, असं सूनबाईंच्या माहेरी आधीच ठरलेलं. आदल्या दिवशी सराफाकडे जाऊन भाव ऐकला होता. त्याने पुढे केलेलं पाणी पिऊन मी तसाच बाहेर आलो होतो.

बायडाबाई ओळीच्या शेवटी बसते. निळ्या प्लास्टिकच्या कागदावर कुलुपं, अडकित्ते, बिनकाचेचे कंदील, पितळी डबे. त्या ढिगात खाली एक छोटी वाटी आणि तिला साजेसा चमचा होता. दोन्ही काळेठिक्कर. मी वाटी उचलली, तळहातावर तोलली, नखाने टिचकी मारली. आवाज बराच वेळ राहिला. चांदी होती, आणि चांगली जाड.

“जर्मन शिल्वर हाय, काका,” बायडाबाई म्हणाली. “दोनशे द्या.”

“दीडशे.”

“द्या.”

तिथेच मी थबकायला हवं होतं. नऊ वर्षांत या बाईने घासाघीस केल्याशिवाय मला एक खिळा दिलेला नाही. पण बाईला चांदी ओळखता आली नाही, या आनंदात मी होतो. वाटीच्या बाहेरच्या अंगाला छिन्नीने ठोकलेली अक्षरं होती: चि. प्रेमला. खाली साल होतं, पण ते झिजलेलं.

“नाव हाय तसंच ऱ्हाऊ द्या,” बायडाबाई म्हणाली. “घासू नका.”

“नातीला द्यायचीय, बाई. दुसऱ्याच्या नावाची कशी देऊ?”

तिने वाटीकडे हात पुढे केला. मग मागे घेतला, पैसे कमरेच्या पिशवीत टाकले आणि शेजारच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली.

२

गॅलरीत माझा छोटा शेगडा आहे. कामाच्या टेबलाला मी गमतीने शेगडा म्हणतो, कारण गोदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी तिथे काहीतरी शिजवतच असतो. वाटी लाकडी ठोकळ्यावर बसवली आणि बारीक कानशीने नाव घासायला घेतलं. चांदी मऊ असते, पंधरा मिनिटांचं काम. कोऱ्या भागावर कानस नेहमीसारखी चालत होती. अक्षरांवर आली की मात्र तिचा आवाज बदलायचा. बारीक, चिरका, तुटक.

गोदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “अहो, बाळ का रडतंय?”

“बाळ घरात आहे का?” मी विचारलं.

आमची सून श्रद्धा बाळाला घेऊन लस द्यायला गेली होती. गोदाने पाळण्यात डोकावून पाहिलं, तो रिकामा होता.

“कानस आहे ती,” मी म्हणालो. “कान तपासून घे.”

नाव गेलं. पॉलिश केल्यावर वाटी इतकी लखलखली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग हाताने नवीन नाव कोरलं: चि. संस्कृती हिस आजोबांकडून. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे.

उष्टावणाला श्रद्धाचा भाऊ अनिरुद्ध आला होता. मामाने मांडीवर घेऊन बाळाला खिरीचा पहिला घास भरवला. बाळाने तोंड वाकडं केलं, सगळे हसले, फोटो निघाले. श्रद्धाने वाटी हातात फिरवून पाहिली.

“बाबा, नवीन घेतलीत?”

“मग काय, नातीला जुनी देणार?”

तेजसने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. खोटं बोलल्याचं मला तेव्हा काहीही वाटलं नाही.

३

संस्कृतीची एक खोड होती. सहावा महिना लागल्यापासून तिला तिच्या नावाने हाक मारली की ती गर्रकन वळायची, हसायची, आणि हसण्याच्या शेवटी तिला हटकून एक उचकी लागायची. मी दिवसातून वीसदा हाक मारायचो, केवळ त्या उचकीसाठी. गोदा ओरडायची, की पोरीचं पोट दुखेल. तरी मी हाक मारायचो. माझ्या आयुष्यात मी एवढं निरर्थक काम दुसरं केलेलं नाही, आणि एवढं सुखाचंही नाही.

उष्टावणानंतर दोन आठवड्यांनी ती वळेनाशी झाली.

आधी वाटलं, खेळात रमली असेल. मग श्रद्धाने मागे उभं राहून टाळी वाजवली. टाळीला ती वळली. खुळखुळ्याला वळली, कुकरच्या शिट्टीला दचकली. “संस्कृती” म्हटलं की मात्र काही नाही. खोलीत कुणी दुसऱ्याच माणसाला हाक मारत असल्यासारखी ती आपली बसून राही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून कान उत्तम असल्याचं सांगितलं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अजून लहान आहे. थोडं थांबू. पण लक्ष ठेवा.” त्या ‘पण’ने श्रद्धाची झोप उडाली. ती तासन्‌तास फोनवर काहीबाही वाचायची. तेजस हडपसरहून ऑफिस आटोपून यायचा, आणि दारातूनच, बूट न काढता, हाक मारायचा. रोज. मग खाली बसून हळूहळू बूट काढायचा.

खाणं मात्र वाढलं होतं. पेज, मऊ भात, खिमट, जे काही त्या वाटीत पडेल ते ती संपवायची. खाताना डावा हात वाटीभोवती घालायची, कुणी ओढून नेईल म्हणून घालतात तसा. आठ-नऊ महिन्यांच्या पोरीला हे कुणी शिकवलं, मला कळेना. आणि वजन करायला नेलं तर काटा मागच्या महिन्याच्याच आकड्यावर.

“डबल खातेय, बाबा,” श्रद्धा म्हणाली, “मग जातं कुठे सगळं?”

मी म्हटलं, वाढत्या अंगाला लागत असेल. वजनकाट्याने नाही म्हटलेलं असताना हे बोलण्यात काही अर्थ नव्हता, पण काहीतरी म्हणायला हवं होतं.

४

वाटी पुन्हा काळपट व्हायला लागली, तेव्हा एका दुपारी मी ती चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली. अर्ध्या तासाने ओट्याशी उभं राहून घासायला घेतली आणि उजेडात धरली. माझ्या कोरलेल्या अक्षरांच्या मागे फिकट करडी अक्षरं उमटली होती. चि. प्रेमला.

मी घाबरलो नाही. का घाबरू? हे आम्हाला टूलरूममध्ये पहिल्या वर्षी शिकवतात. धातूवर अक्षर ठोकलं की नुसता वरचा भाग कापला जात नाही, खालचाही दबतो. वरून कितीही घासा, दबलेलं खाली तसंच राहतं, आणि आम्ल लागलं की वर दिसतं. मी हे स्वतःला समजावत होतो आणि नाव वाचत होतो. तोंडातून सहज निघालं, “प्रेमला.”

हॉलमधून सरपटण्याचा आवाज आला. संस्कृती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. मान वर करून तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मी वाटी खाली ठेवली. तिला उचलून पुन्हा हॉलमध्ये चटईवर बसवलं, पाठ माझ्याकडे करून. नोकरीत माझी शेवटची बारा वर्षं तपासणीत गेली, एका नमुन्यावरून मी निकाल देत नाही. मी हाका मारल्या. “उत्कर्षा.” नाही. “शेफाली.” नाही. “संस्कृती.” नाही. “प्रेमला.” ती वळली. दहा वेळा मी क्रम बदलून पाहिलं. दहा वेळा ती त्याच एका नावाला वळली. हसली नाही. नुसती वळून बघायची, कशाला बोलावलंत, असं विचारल्यासारखी.

तेव्हा मात्र मला भीती वाटली. मी सोफ्यावर बसलो.

संध्याकाळी भिंग घेऊन वाटी पुन्हा पाहिली. प्रेमलाच्याही खाली अक्षरं होती, आडवी गेलेली, अधिक पुसट. सो. मग एक काना किंवा ओरखडा. मग नू. त्याच्याही खाली काहीतरी होतं, पण ते भिंगातूनही लागेना. एकाच वाटीवर एवढी नावं. म्हणजे माझ्यासारखे शहाणे आधीही होऊन गेले होते.

“सोनू,” मी हळू म्हणालो.

वाटी माझ्या बोटांत वाजली. टिचकी मारल्यासारखी नव्हे. आतून, अगदी बारीक, तोंड मिटून कुणी हुंकार द्यावा तशी. खालून एखादी बस गेली असेल, हादरा बसला असेल, असं मी मनात म्हटलं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

५

दुसऱ्या दिवशी मी वाटी माझ्या कपाटात ठेवली आणि श्रद्धाला म्हटलं, चांदी काळी पडतेय, थोडे दिवस स्टीलची वापर.

बाळाने स्टीलच्या वाटीतला घास थुंकला. दुपारी थुंकला, संध्याकाळी थुंकला. रडली मात्र नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या खोलीच्या दारापर्यंत सरपटत यायची आणि कपाटाकडे तोंड करून बसायची. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. ओठ सुकले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करा.

श्रद्धा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

“बाबा, ती वाटी द्या.”

“अगं, चांदी—”

“ती ज्यात खाते, त्यात खाऊ दे! तुमची ती वस्तू जपण्याची हौस पुरे झाली.”

काय सांगणार होतो? की वाटी जुन्या बाजारातली आहे, दुसऱ्याच्या पोरीची आहे आणि मी तुझ्याशी खोटं बोललो? मी कपाट उघडलं. बाळाने दोन वाट्या पेज खाल्ली, डावा हात वाटीभोवती घालून. तासाभरात ताप उतरला. गोदाने देवापुढे साखर ठेवली. मला काही तिथे उभं राहवलं नाही.

६

बुधवारी वाटी रुमालात गुंडाळून मी बाजारात गेलो. बायडाबाईने मला लांबूनच पाहिलं आणि ती कुलुपं आवरायला लागली.

“बाई, ही परत घ्या. पैसे नकोत.”

“मी इकलेला माल परत घेत न्हाई.”

“जर्मन नाही ही. चांदी आहे. तुम्हाला कळलं नव्हतं, मी सांगितलं नाही. चुकलं माझं. घ्या, तुमचाच फायदा आहे.”

ती हसली. हसण्यात आनंद नव्हता. “तीस वर्सं भांडी इकतीया मी, काका. मला चांदी कळत न्हाई व्हय?”

मी रुमाल उघडला. तिने वाटीला हात लावला नाही, नुसती वाकून पाहिली. माझी कोरलेली अक्षरं तिने बोट न लावता, हवेतच, एकेक करून मोजल्यासारखी पाहिली.

“नाव घासू नका म्हनले हुते ना?”

“कुठून आली तुमच्याकडे?”

“घर मोकळं करत्यात लोक. त्यातनं येतीया. दुसऱ्यांदा आली माझ्याकडं.” मग एकदम तिने विचारलं, “बाळ जेवतंय का ह्यात?”

“रोज. दुप्पट जेवते.”

“मंग मोडू नका तिचं जेवान.”

“मोडलं तर काय होतं?”

“मला काय म्हाईत?” ती म्हणाली. “माझ्याकडं येती ती जेवान मोडलेल्या घरातनंच येती.”

ऊन चढलं होतं. शेजारी कुणीतरी जुन्या रेडिओचा भाव करत होतं. मी तिथेच गुडघ्यावर बसलो. हात जोडले असावेत, मला आठवत नाही.

“जुनं नाव पुन्हा घातलं तर? जिची आहे तिची तिला परत दिली, तर माझी सुटेल ना?”

बायडाबाईने हातातलं कुलूप खाली ठेवलं.

“म्हंजी आनखी एक पुसनार?”

एवढंच बोलून तिने निळ्या कागदाची कड उचलली आणि माल सरकवून माझ्याकडे पाठ केली. तिच्या त्या प्रश्नात काय होतं, याचा मी बसमध्ये बसून विचार करायला हवा होता. मी विचार करत होतो तो कानशीचा, कुठली चांगली राहील याचा.

७

चौतीस वर्षांच्या कामात मी एकच गोष्ट शिकलो. चुकीचा भाग बसवला असेल तर तो काढायचा आणि मूळचा बसवायचा, यंत्र पूर्ववत चालतं. घरी येऊन जेवण न करता मी गॅलरीत बसलो. दुपारची वेळ. श्रद्धा ऑफिसच्या मीटिंगमध्ये आतल्या खोलीत, बाळ हॉलमध्ये चटईवर, माझ्या डोळ्यांसमोर.

मी वाटी ठोकळ्यावर बसवली आणि माझं स्वतःचं अक्षर घासायला घेतलं. ‘आजोबांकडून’ सरळ निघालं. ‘संस्कृती’वर कानस आली आणि चिरकली.

गोदा आतून म्हणाली, “अहो, बाळ का रडतंय?”

मी बाळाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहत होती, अगदी शांत, एखादं काम पूर्ण व्हायची वाट बघावी तशी.

“कानस आहे,” मी म्हणालो, आणि थांबलो नाही. थांबलो असतो तर. पण नाव अर्धं गेलं होतं, आणि अर्धवट काम मी कधी सोडलेलं नाही.

मग छिन्नी घेतली. चि. प्रेमला. पूर्वी होतं तिथेच, तेवढ्याच उंचीचं. शेवटचा घाव घालून मी वाटी फुंकली, चांदीची पूड उडाली, आणि हातात वाटी धरून मी हॉलकडे तोंड केलं.

“संस्कृती,” मी हाक मारली.

चटईवरचं बाळ वळलं नाही.

वाटी हसली. माझ्या बोटांत, तळहातात, मनगटापर्यंत ते मला कळलं. बारीक, लांबून आल्यासारखं हसू. आणि हसण्याच्या शेवटी एक उचकी.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. घरात सगळे आनंदात आहेत. बाळ हाकेला वळायला लागलं आहे. “संस्कृती” म्हटलं की क्षणभर थांबून, कान देऊन, ती वळते. वजन वाढलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही मुलांना वेळ लागतो. तेजस आता बूट काढून मग हाक मारतो. ती हसते, सगळ्यांकडे बघून हसते. तिला उचकी लागत नाही हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. वाटीवरचं नाव श्रद्धाने पाहिलं, तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. म्हणजे जुनी वाटी, दीडशे रुपये, एवढंच. ती इतक्या खुशीत होती की रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, “बाबा, तुम्ही म्हणजे ना.”

कानस मी रोज हातात घेतो. पुन्हा प्रेमलाचं नाव घासायचं, पुन्हा संस्कृतीचं घालायचं. मग घासलेलं कोण, आणि वर येणार कोण? खाली किती जणी आहेत ते मला ठाऊक नाही. तिसऱ्यांदा चुकलो तर माझी पोर आणखी खाली जाईल. मी कानस खाली ठेवतो.

जुन्या बाजारात मी आता जात नाही. दुपारी श्रद्धा त्या वाटीत गरम पेज ओतते, तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. बाळाचं खाऊन झालं की वाटी मात्र मीच धुतो, कुणाला हात लावू देत नाही. गार पाण्याने धुतो, माझ्या धोतराच्या मऊ पंच्याने पुसतो आणि गोदा आत झोपली आहे हे पाहून वाटी कानाशी धरून हळूच हाक मारतो.

अजून ओ येते. काल उचकी आली नाही.